पारनेरचा राउटर

ताई आणि मी एकाच शिक्षणसंस्थेत नोकरीला होतो. ती नगरच्या मुख्य कार्यालयात, कॉम्प्युटर विभागात. मी पारनेरच्या कॉलेजात ग्रंथपाल. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई आमच्या लहानपणीच गेली, त्यामुळे केडगावच्या घरात आबा, ताई आणि मी एवढीच माणसे. आबा, म्हणजे आमचे वडील, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वायरमन होते. आमच्या भावकीत इंजिनिअर झालेली ताई पहिली. तिचा निकाल लागला त्या दिवशी आबांनी घरात बुद्धवंदना घेतली, वस्तीत पेढे वाटले आणि आपल्या खिशातला टेस्टर तिच्या हातात देऊन म्हणाले, "आता घरातला फ्यूज गेला तर तू बघायचं."

माझी नेमणूक कायम होती, तिची नव्हती. तिला अकरा महिन्यांचा आदेश मिळे. मुदत संपली की दोन दिवस घरी बसायचे, मग नवा आदेश, पुन्हा अकरा महिने. असे तीनदा झाले. चौथा आदेश देताना सचिवांनी तिला सांगितले की दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी पुण्याहून एक समिती विभाग पाहायला येणार आहे. नगर आणि पारनेर एकमेकांशी जोडलेले समितीने डोळ्यांनी पाहिले आणि चांगला शेरा दिला, तर तिची जागा कायम होईल. नाहीतर हा आदेश शेवटचा.

नव्वदचे दशक संपत आले होते. दोन्ही गावांना जोडणारी एक टेलिफोनची लाइन संस्थेने भाड्याने घेतली होती, आणि पारनेरच्या बाजूला ती माझ्या ग्रंथालयातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. नगरहून आलेली माहिती योग्य ठिकाणी पोचवायची आणि इकडची तिकडे पाठवायची, हे त्याचे काम. पण त्याच कॉम्प्युटरवर ऑफिसचे लोक पत्रे टाइप करत, प्राध्यापक फ्लॉपी घालून प्रश्नपत्रिका छापत, आणि मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी पत्ते खेळत बसे. फ्लॉपीतून व्हायरस येई. कॉम्प्युटर अडकला की नगरची वाट बंद. मग ताईचा फोन येई, "काय गुरुजी, आज कोण बसलंय मशीनवर?" मी सदा पुस्तकात डोके घालून असे, म्हणून ती मला गुरुजी म्हणायची.

फक्त वाट दाखवण्याचेच काम करणारे वेगळे यंत्र हवे, अशी मागणी ती आठ महिने करत राहिली. त्या यंत्राला राउटर म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळले. शेवटी संस्थेने दोन घेतले, एक नगरला, एक पारनेरला. पारनेरचा तिने स्वतः एसटीतून मांडीवर ठेवून आणला. व्हिडिओ प्लेअरएवढी काळसर पेटी. पुढे दोन हिरवे दिवे. तिने तो ग्रंथालयाच्या कपाटावर बसवला तेव्हा प्राचार्य, मी आणि मामा असे तिघे बघत उभे होतो. मामा म्हणजे कॉलेजचे सर्वांत जुने शिपाई. प्राचार्यही त्यांना मामाच म्हणत.

"मॅडम, ह्यात कॅशेट कुठून घालायची?" मामांनी विचारले.

"कॅसेट नाही मामा. ह्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. कुणाला पत्र टाइप करता येणार नाही आणि पत्तेही खेळता येणार नाहीत."

"अहो, मग एवढं आणून फायदा काय?" प्राचार्य म्हणाले.

"सर, तोच फायदा."

प्राचार्य हसले, पण ती थट्टा करत नव्हती. तिने त्यांना समजावले की ह्याच्यात फिरणारी डिस्क नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. व्हायरसला शिरायला जागा नाही. लाइट जाऊन आली तर मिनिटभरात आपोआप उठतो, कोणी काही टाइप करावे लागत नाही. आणि ह्याच्या डोक्यात दुसरे काम नसल्याने आलेली माहिती थांबत नाही. कॉम्प्युटर रोज बंद करून झाकावा लागतो, ह्याला महिनोन्महिने हात लावावा लागत नाही.

"म्हंजे झोपच न्हाई का त्याला?" मामा म्हणाले.

"नाही."

"लई वंगाळ जिणं हाय मग."

त्यानंतर ताई दर आठवड्याला पारनेरला येऊ लागली. दुपारी ग्रंथालयात आम्ही दोघे डबा खायचो आणि ती मला शिकवायची. मला विज्ञानाचे फार कळत नसे, पण ती सांगे ते कळे. दोन राउटर एकमेकांशी ज्या ठरलेल्या रीतीने बोलतात तिला प्रोटोकॉल म्हणतात. दोन्हीकडे रीत एकच हवी. एकाने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने बोलायला सुरुवात केली, तर तार शाबूत असते, दिवे लागलेले असतात, आणि तरीही एकाचे दुसऱ्याला काही पोचत नाही. आमच्याकडे तेव्हा जुनी रीत चालू होती. त्यात प्रत्येक राउटर दर अर्ध्या मिनिटाला आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या वाटांची यादी दुसऱ्याला वाचून दाखवी, काही बदललेले नसले तरी. लाइन तुटली तर पलीकडच्याला ते कळायला काही मिनिटे लागत. नव्या रीतीत दर दहा सेकंदांनी नुसते एक "हॅलो" जाते, आणि यादी फक्त बदल झाला तरच. चाळीस सेकंद हॅलो आले नाही की शेजारी गेला असे धरतात आणि दुसरी वाट शोधतात.

"चाळीसच सेकंद?" मी विचारले होते.

"जास्त वाट बघून काय करणार? तू ती मेथी खा, गार होतेय."

पुढच्या वर्षी संस्थेचे राजूरचे केंद्रही ह्या जाळ्यात यायचे होते. तीन ठिकाणे झाली की जुनी रीत पुरणार नाही, म्हणून समितीला नवी रीत चालताना दाखवावी असे तिच्या मनाने घेतले. समितीच्या तोंडावर हे धाडस नको होते. आबाही म्हणाले, "चालतंय ते चालू दे की." पण तिला अर्धे काम दाखवायला आवडत नसे.

त्या वर्षी आबांना दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे होते. छातीचे दुखणे लागल्यापासून तीन वर्षे त्यांचे जाणे झाले नव्हते, आणि ताईने उन्हाळ्यातच "या वर्षी मी नेते" असा शब्द दिला होता. समितीची तारीख नंतर ठरली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुढल्या साली जाऊ." ती म्हणाली, "परतीची गाडी सकाळी नगरात पोचते. समिती दुपारी बाराला आहे."

अष्टमीच्या दिवशी सकाळी ती पारनेरला आली आणि राउटरवरची रीत बदलून गेली. नगरचा तिने आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवला होता. सगळे जुळले. निघताना तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली, आणि ती नीट समजली की नाही म्हणून माझ्याकडून वदवून घेतली. राउटरमध्ये केलेला बदल लगेच कायमचा होत नाही. तो जतन करण्याचा हुकूम दिला नाही आणि राउटर बंद पडला, तर तो पुन्हा उठताना जुन्याच रीतीने उठतो. हे तिला सोयीचे होते. नवे बिघडले तर दोन्हीकडचे बंद करून चालू करायचे, की जुने परत. म्हणून दोन्ही ठिकाणी तिने बदल जतन न करता सोडला होता. नगरच्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. तिथे ती परत आल्यावर बघणार होती. पारनेरच्या लाइटचा मात्र भरवसा नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे नीट चालले, तर मी माझ्या कॉम्प्युटरवरून राउटरमध्ये शिरून दोन इंग्रजी शब्द टाइप करायचे होते, "राइट मेमरी". ते तिने माझ्याच पुस्तकांच्या एका कोऱ्या कार्डावर लिहून दिले.

"दोन शब्द गुरुजी. त्याच्यावर टीका-टिप्पणी लिहू नका."

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे कारखान्यात, गॅरेजात, शेतात, सगळीकडे अवजारे धुऊन-पुसून पुजतात आणि त्यांना विसावा देतात. कॉलेजातही टाइपरायटर, प्रयोगशाळेतले तराजू, माळ्याची कुदळ, सगळ्यांची पूजा असे. मी पोचलो तेव्हा मामांनी ग्रंथालयात आधीच पूजा मांडली होती. माझ्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाची बोटे. राउटरवरही हळद-कुंकू होते आणि दोन हिरव्या दिव्यांच्या मध्ये एक फूल. प्राचार्य नारळ फोडायला आले. ऑफिसचे सगळे जमले.

आमच्या घरात हे पूजन नव्हते. स्टाफमध्ये तसा मी एकटाच होतो. कोणी मला कधी काही बोलले नव्हते, माझ्या वाटचा प्रसाद न विसरता टेबलावर ठेवला जाई, आणि मी तो घेई. पण माझ्यामुळे कोणाचे काही अडले किंवा विटाळले असे कोणाला वाटू नये, ह्याची मला नेहमी भीती असे. दुपार झाली. तो हार बाजूला करून कीबोर्डला हात लावणे माझ्याने होईना. कार्ड खिशात होते. मी मामांना म्हणालो, "मामा, दोनच मिनिटं मशीनवर काम होतं."

"आज नगं सर. आज हत्याराला हात लावत न्हाईत. परवाच्याला करा की, काय पळून चाललंय?"

परवा करू, असे मनाशी म्हणालो. निघायच्या वेळी मामांनी खोल्यांचे दिवे मालवत आणले आणि कपाटाशी येऊन राउटरच्या बोर्डावरचे बटण खाली केले. हिरवे दिवे विझले.

"अहो मामा, ते बंद करत नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"मॅडम म्हनल्या न्हवत्या का, झोप न्हाई त्याला म्हनून? वरीसभर राबतंय बिचारं. एक दीस तरी इसावा नगं?"

दारात उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. त्यांनी कुलूप लावले.

दसऱ्याची सुट्टी गेली. त्यानंतरच्या सकाळी दहाला मी ग्रंथालय उघडले आणि बटण वर केले. मिनिटभरात दोन्ही दिवे लागले. राउटर आपोआप उठतो हे तिने सांगितलेच होते, आणि ते इतके सहज झाले की मला हायसे वाटले. तो जुन्या रीतीने उठला असणार, हे मला त्या क्षणी आठवले नाही असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे तर ते मनात येऊन गेले, आणि दिवे बघून मी ते बाजूला सारले. मी ते दोन शब्दही टाइप केले. ते टाइप करून मी जुनीच रीत जतन केली.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. प्राचार्य आणि मामा माझ्या टेबलापाशीच उभे होते. समितीतल्या एकाने एखाद्या पुस्तकाचे नाव घ्यायचे आणि ते पारनेरला आहे की नाही हे नगरच्या पडद्यावर दिसायचे, असा बेत होता. त्यासाठी मी वर्षभर पुस्तकांची कार्डे कॉम्प्युटरवर चढवली होती.

"अरे, पारनेर दिसत नाहीये," ताई म्हणाली. तिच्या मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. "दिवे?"

"दोन्ही लागलेत."

"मध्ये लाइट गेली होती का? बंद झाला होता?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मामाही.

"नाही," मी म्हणालो.

"आणि ते दोन शब्द?"

"केले."

"खंडेनवमीला?"

"हो."

"म्हणजे लाइनच गेली असणार. ठेव, मी एक्स्चेंजला लावते."

मामांना सांभाळून घ्यावे म्हणून मी खोटे बोललो असे म्हणता आले असते. तसे नव्हते. माझ्या हातून राहिले हे चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटली, एवढेच. मी "हो, बंद झाला होता" म्हणालो असतो, तर तिला फक्त नगरचा राउटर बंद करून चालू करायचा होता. बदल तिथेही जतन केलेला नव्हता. दोन्ही जुन्या रीतीवर आले असते आणि मिनिटभरात पारनेर दिसले असते. पण माझ्या सांगण्यावरून पारनेर नव्या रीतीवर पक्के आहे असे तिने धरले, आणि नगर जुन्या रीतीवर जाऊ नये म्हणून तिथल्या बटणाला मुद्दाम हात लावला नाही. ती दोन तास टेलिफोन खात्याच्या मागे लागली. लाइन ठीक आहे असे ते सांगत राहिले. समिती जेवली, रिकामा पडदा बघितला आणि पुण्याला गेली.

चार वाजता ती पारनेरला आली. नागपूरच्या प्रवासातलेच कपडे अंगावर होते. तिने कपाटावरचे हळद-कुंकू पाहिले, सुकलेले फूल उचलून खिडकीत ठेवले. मग माझ्या खुर्चीवर बसून राउटरमध्ये शिरली आणि काहीतरी टाइप केले. पडद्यावर बऱ्याच ओळी आल्या. त्यातली एक मलाही वाचता आली. यंत्र किती वेळ सलग चालू आहे हे ते सांगत होते. सहा तास.

तिने ती ओळ वाचली आणि वळून माझ्याकडे पाहिले. मी उभा होतो. पाणी हवे का, असे मी विचारले.

"दे," ती म्हणाली.

पाणी पिऊन तिने रीत पुन्हा बदलली, नगरला फोन केला, पुस्तकांची यादी तिकडे दिसल्याची खात्री केली. मग ते दोन शब्द स्वतः टाइप केले. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. वाटेत सुपे गाव आले तेव्हा कुठे मला बोलायला सुरुवात करता आली.

"ताई, मी—"

"तू उद्या कुणापुढे तोंड उघडायचं नाहीस. माझं जायचं ते जाणारच आहे. घरातल्या दोन्ही नोकऱ्या घालवायच्या का?"

ती चिडलेली नव्हती. नंतर बाकी रस्ताभर ती झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती.

संस्थेने तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. तिने तो दिला. त्यात काय लिहिले ते घरात सांगितले नाही. आदेश संपला आणि नवा निघाला नाही. ती पुण्याला एका कंपनीत लागली, खोली घेऊन राहू लागली. दर रविवारी शेजारच्यांकडे तिचा फोन येई. आबांच्या गोळ्या, माझे जेवण, पाऊस. त्या दुपारचे एक अक्षर तिने कधी काढले नाही, आणि मीही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. अंगावर काढली. आम्हाला कळले तेव्हा ती दवाखान्यात होती आणि मला ओळखत नव्हती. पाचव्या दिवशी गेली. आम्ही जवळ असतो तर तिचे डोळे पिवळे झालेले पहिल्याच दिवशी आबांना दिसले असते, असे मला वाटते. डॉक्टर म्हणाले, तसे काही सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. सकाळी आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "म्या नागपूरचा हट्ट केला. न्हाई तर ती हितं आसती, मशिनीपाशी. तिची नोकरी म्या घालवली."

ते असे गेली दोन वर्षे मानत होते, हे मला तेव्हा कळले. ताईलाही कळले नसावे. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळे सांगितले. हार, बटण, फोन, "नाही" म्हणालो ते. पडद्यावरची ओळही.

आबा वायरमन होते, बटणाची गोष्ट त्यांना समजावावी लागली नाही.

"तिला ठावं हुतं?"

"हो."

"आन तुला काय म्हनली?"

"काही नाही."

"मंग मला कशाला सांगतो? ज्यांनी तिला काढली त्यांना जाऊन सांग. कागदावर दे. तिचं नाव तिथं खराब हाय."

दुसऱ्या दिवशी मी नगरला मुख्य कार्यालयात गेलो. अर्धे पान लिहून नेले होते. सचिव बदललेले होते. आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला आणि नोंदवहीत लिहायला पेन उचलले.

"विषय काय लिहू, सर?"

"पारनेर येथील राउटर बंद झाल्याबाबत."

"आता बंद आहे?"

"नाही. चालू आहे. दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्यांच्या वैयक्तिक फाइलला लावा एवढंच."

बाईंनी कागदावरचे ताईचे नाव वाचले आणि पेन खाली ठेवले. ताईबरोबर त्या डबा खायच्या, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले. आतल्या खोलीतून त्यांनी फाइल काढून आणली. शेवटचा कागद ताईचा खुलासा होता. मी तो पहिल्यांदा वाचला. चारच ओळी होत्या. "सेटिंग जतन केल्याची खात्री स्वतः करणे ही माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही. पारनेर येथील ग्रंथपालांनी माझ्या सूचनेप्रमाणे काम केले आहे. त्यांचा यात दोष नाही." खाली तिची सही, आणि सहीखाली तारीख, आम्ही एसटीने परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

बाईंनी फाइलची लेस सोडली. माझा कागद तिच्या कागदावर ठेवला, पंचने भोके पाडली आणि लेस पुन्हा ओवून गाठ मारली.